खाली बसा!

बँकॉकहून रेल्वेने उत्तरेला निघालं, की सत्तर-ऐंशी किलोमीटरवर अयुथ्या येतं. स्टेशनातून सरळ नदीवर जायचं आणि होडीत बसायचं. बूड टेकवेपर्यंत पलीकडचा काठ येतो. चाओ फ्राया, लोपबुरी आणि पा साक या तीन नद्यांनी जुन्या गावाला कडं घातलंय. इथे १३५० च्या सुमारास राजधानी वसली आणि नाव मिळालं आपल्या अयोध्येचं. म्हणजे जिच्याशी लढताच येत नाही ती. पुढे १७६७ साली, आपल्या पानिपतानंतर सहाच वर्षांनी, ब्रह्मदेशाच्या सैन्याने ती जाळून टाकली. नावं ठेवावीत, पण जपून!

वाट महाथात या पडक्या विहारात बुद्ध रांगेने बसलेत, पण बहुतेकांना डोकी नाहीत. एक डोकं तेवढं झाडाच्या मुळांनी सांभाळलंय. थंडीत आजीने नातवाला हनुवटीपर्यंत गोधडीत गुंडाळावं, तसा मुळांतून फक्त चेहरा दिसतो. शांत, किंचित हसरा. मी फोटोसाठी ऐटीत शेजारी उभा राहिलो, तोच रखवालदाराने तळहात खाली दाबून दाखवला. बुद्धाच्या डोक्यापेक्षा आपलं डोकं वर न्यायचं नाही. आणि ते डोकं तर जमिनीलगत!

डॉक्टरांनी मला उकिडवं बसायला बंदी केली आहे. पण बुद्धाला डॉक्टरांची चिठ्ठी कशी दाखवणार? बसलो. फोटो निघाला.

"अहो, उठा आता, मागे लोक खोळंबलेत," बायको म्हणाली.

"उठता आलं असतं तर बसलो असतो का अजून?"

शेवटी रखवालदारानेच हात दिला.

बाहेर आल्यावर भरपाई म्हणून रोटी साय माय घेतली. हिरवट, पातळ, लुसलुशीत पोळी आणि सोबत साखरेच्या रंगीत तारा. आपले म्हातारीचे केसच, फक्त विंचरलेले! तारा पोळीत घालून सुरळी आपणच करायची. माझी पहिली सुरळी खालून सुटली आणि सगळं केशवपन शर्टावर झालं.

घरी तो फोटो पाहून सूनबाई गहिवरली. "बाबा, किती लीन झालात हो!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी गुडघ्यावरून हात फिरवला आणि गप्प राहिलो.