पेटी विका, पेटी घालवा: नवशिक्यांसाठी सोपा अभ्यासक्रम

घरातली जुनी चीजवस्तू ऑनलाइन विकताना फसू नये कसं, हे सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. फसावं कसं, हे मात्र कोणी धड शिकवत नाही. त्यामुळे आजही कित्येक सुशिक्षित माणसं अर्धवटच फसतात. पाच हजारांवर थांबतात, मधेच शंका काढतात, फोन ठेवून देतात. अशा होतकरूंसाठी हा अभ्यासक्रम आहे. साहित्य फार लागत नाही. एक स्मार्टफोन, त्यात बँकेशी जोडलेलं यूपीआय आणि 'मला कोण फसवणार?' हा आत्मविश्वास. पदवी असेल तर काम आणखी सोपं.

उदाहरणादाखल आजोबांची पेटी घेऊ. पेटी म्हणजे हार्मोनियम. जर्मन सुरांची, साडेतीन सप्तकांची, गेली बारा वर्षं कपाटावर धूळ खात पडलेली. मुंबईच्या बोलीत पेटीचा आणखी एक अर्थ आहे, एक लाख रुपये. तो तूर्त बाजूला ठेवा. पुढे लागणार आहे.

१. जाहिरात टाका

फोटो दिवाणखान्यातच काढा. मागे टीव्ही, शोकेस आणि जमलं तर खिडकीतून सोसायटीची पाटी दिसू द्या. किंमत अठरा हजार लिहा. खाली मोबाइल नंबर द्या, 'अर्जंट' लिहा आणि 'घासाघीस नको' हे ठळक अक्षरांत लिहा. हे शेवटचे दोन शब्द विसरू नका. तुमची नस कुठे आहे ते पुढच्या माणसाला तिथेच सापडतं.

२. खरी गिऱ्हाइकं पिटाळा

पहिला फोन बहुधा एखाद्या गायनवर्गाच्या बाईंचा येईल. "भाता गळतो का हो? सूर खरंच जर्मन आहेत की पालिताण्याचे? एखादी पट्टी अडकत नाही ना?" मग "रविवारी येऊन वाजवून बघते," आणि शेवटी, "अठरा फार होतात, अकरा देते." आजोबांच्या पेटीचा असा पंचनामा! तुम्हाला राग यायलाच हवा. नाही आला तर आणा. "कळवतो" म्हणा आणि फोन ठेवा.

३. देवमाणूस ओळखा

तो लगेच भेटतो. "नमस्कार सर जी, हारमोनियम अभी है क्या?" तो भाव पाडत नाही. भात्याचं विचारत नाही, सुरांचं विचारत नाही. "पीस अच्छा है, फायनल समझो." पेटीला पट्ट्या किती हेही त्याला ठाऊक नसतं, पण घ्यायची मात्र आजच असते. असं गिऱ्हाईक तुमच्या वडिलांनी जन्मात पाहिलं नसेल.

तो सैन्यात असतो, नाहीतर सीआयएसएफमध्ये. नुकतीच जम्मूला बदली झाल्यामुळे स्वतः येऊ शकत नाही. 'ट्रान्सपोर्ट की गाडी' उद्या पेटी उचलेल. व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कँटीनचं कार्ड, सगळं एका दमात येतं. ते कुणा दुसऱ्याचं, त्याच्या नकळत उचललेलं असतं, पण तुम्ही त्या भानगडीत पडू नका. जम्मूच्या थंडीत हा गडी पेटी कुठे वाजवणार, हेही विचारू नका. मनातल्या मनात कडक सॅल्यूट ठोका.

बदल्यात तो तुमचं आधार आणि पॅन मागेल. देऊन टाका. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुठल्या गावी कोणी सोफा विकायला काढेल, तेव्हा त्याच्या व्हॉट्सॲपवर खरेदीदार म्हणून तुमचंच कार्ड झळकेल. घरबसल्या एवढं नाव कोणाचं होतं?

४. पाचाचे दहा करा

"सर जी, अकाउंट चेक करने के लिए पाँच रुपया भेजो, दस वापस आएगा." पाठवा. खरोखर दहा येतात. वीस पाठवा, चाळीस येतात. इतकं व्याज तुमच्या पतपेढीने बुडण्याआधीही कधी दिलं नव्हतं. ही गुरूची गुंतवणूक आहे, तिचा मान राखा. इथे बायको किंवा मुलगी "हे कशाला?" असं विचारेल. तिला चहा टाकायला सांगा.

५. पैसे घेण्यासाठी पिन टाका

हा अभ्यासक्रमाचा गाभा. तो एक क्यूआर कोड पाठवेल. त्यावर ठळक 'रिसीव्ह ₹१८,०००' लिहिलेलं असेल. स्कॅन करा, पिन टाका आणि पैसे येण्याची वाट बघा.

इथे अडाणी माणसं घोळ घालतात. कोपऱ्यावरच्या भाजीवालीचं बघा. तिच्या हातगाडीवर, मेथीच्या जुड्यांशेजारी, दोऱ्याने बांधलेला कोड सकाळपासून लोंबकळत असतो. गिऱ्हाईक तो स्कॅन करतं, आपला पिन टाकतं आणि गाडीवरची पेटी बोलते, अमुक रुपये मिळाले. दिवसभरात शंभर वेळा पैसे घेऊनही त्या बाईने पैसे घेण्यासाठी म्हणून एकदाही कोड स्कॅन केला नाही की पिन टाकला नाही. तिला असं वाटतं, की ज्याच्या खिशातून पैसे जातात तोच पिन टाकतो. २०१६ साली यूपीआय सुरू झालं तेव्हापासूनचा हा नियम आहे आणि तिला तो कोणी न शिकवता कळला. तुम्ही मात्र शिकलेले आहात. स्क्रीनवर 'पैसे द्या' असं लिहून येईल, तिकडे लक्ष देऊ नका. तो म्हणेल, "आर्मी का सिस्टम उल्टा है, सर जी." उलटं तर उलटं.

पूर्वी आणखी एक राजमार्ग होता. समोरचा थेट पैशांची मागणी पाठवायचा, आपण ती आलेली रक्कम समजून मंजूर करायचो. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद केली. विद्यार्थ्यांचा विचार कोणी करत नाही. असो, क्यूआर कोड शाबूत आहे, खचू नका.

६. चुकून आलेले पैसे परत करा

काही गुरू क्यूआरच्या वाटेला जात नाहीत. ते एसएमएस पाठवतात: तुमच्या खात्यात ₹१,८०,००० जमा. पाठोपाठ रडवेला फोन, "सर जी, गलती से एक झीरो ज्यादा लग गया, माँ अस्पताल में है, बाकी लौटा दो." इथे फक्त तीन गोष्टी टाळायच्या. एक, मेसेज बँकेच्या नावाने आलाय की कुणाच्या दहा आकडी मोबाइलवरून, हे बघायचं नाही. दोन, बँकेचं ॲप उघडून शिल्लक तपासायची नाही. तीन, "उद्या बँकेत जाऊन बघतो आणि कळवतो," असं म्हणायचं नाही. या वाक्याने भल्याभल्या आया तत्काळ बऱ्या होतात आणि फोन बंद पडतो.

त्याने पाठवलेला स्क्रीनशॉट मात्र जरूर बघा. त्यातली हिरवी बरोबरची खूण किती सुबक आहे! तुमच्या खात्यात आकडा नसला म्हणून काय झालं, त्याच्या चित्रात आहे ना.

७. गेलेले आणण्यासाठी आणखी घालवा

एव्हाना अठरा हजार वजा झाल्याचा मेसेज आलेला असेल. पोटात खड्डा पडेल, ते स्वाभाविक आहे. आमची पूर्ण सहानुभूती. पण कच्चे विद्यार्थी इथेच गळतात. तो शांतपणे सांगेल, "सर्वर डाउन था, रिफंड का कोड भेजता हूँ." पुन्हा स्कॅन. मग, "दोनों एक साथ वापस आएगा." पुन्हा स्कॅन. "स्क्रीन शेअर करने का ॲप डाल लो, हम यहाँ से कर देंगे." टाका. फोन तुमचा, बोटं तुमची, बघणारा तो.

किती वेळा करायचं? साधारणपणे यूपीआयने एका दिवसात एक लाखापर्यंत पैसे पाठवता येतात. म्हणजे नेमकी एक पेटी. यंत्रणेनेच तुमच्यासाठी हद्द आखून ठेवली आहे, तिच्या आत थांबण्यात काय मजा?

८. गेल्यावर काय करू नये

आधी काय करावं ते सांगतो. त्यालाच फोन लावत बसा. मग इंटरनेटवर बँकेचा 'कस्टमर केअर' शोधा आणि जो नंबर सगळ्यात वर दिसेल तो फिरवा. तिथेही एखादे गुरू बसलेले असू शकतात. दोन दिवस घरात कोणाला सांगू नका, अब्रूचा प्रश्न आहे. सोमवारी बँकेत जा.

चुकूनही करू नये अशा गोष्टी अशा. १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर लगेच लावू नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असतात. पहिल्या तासाभरात कळवलं तर वाटेतल्या एखाद्या खात्यात ते अडवले जाण्याची भीती असते. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवू नका. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक जपून ठेवू नका. बँकेला तर लगेच मुळीच कळवू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार, आपल्या निष्काळजीपणाने झालेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत आपल्या माथी असतं आणि कळवल्यानंतर होणारं बँकेच्या. इतक्या प्रेमाने उभं केलेलं नुकसान बँकेला का द्यावं?

वाचनाचाही मोह टाळा. याच रिझर्व्ह बँकेने २०२२ साली राजू नावाच्या साध्या माणसाच्या चाळीस फसवणुकींचं सचित्र पुस्तक काढलं. ते वाचलं तर हा अभ्यासक्रम फुकट जाईल.

९. प्रात्यक्षिक परीक्षा

एवढं सगळं जमलं तर रविवार उजाडताना तुमची पेटी गेलेली असेल आणि पेटी कपाटावरच असेल. गाडी आलेली नसते, ती कधी निघालेलीच नव्हती. आणि नेमकं तेव्हा दार वाजतं. गायनवर्गाच्या बाई.

त्या चपला बाहेर काढतात. पदराने धूळ पुसतात. डाव्या हाताने भाता भरतात, पट्टी न दाबता कान लावून हवा सुटते का ऐकतात. मग एकेक पट्टी दाबत वर जातात आणि वरच्या सप्तकात एकीवर थांबून तोंड वाकडं करतात. "ही चढी आहे. आणि भात्याला वरून फट आहे. अकरा."

"पंधरा," तुम्ही म्हणता.

"अहो, दुरुस्तीलाच दोन जातील. साडेअकरा."

पाऊण तास, दोन चहा, तुमच्या आजोबांच्या गुरूंपर्यंत गप्पा. शेवटी साडेबारा. पर्समधून नोटा निघतात, थुंकी लावून दोनदा मोजल्या जातात, तुमच्याकडूनही एकदा मोजून घेतल्या जातात. जाताना त्या विचारतात, "पिशवी आहे का हो एखादी मोठी?"

अशा माणसांपासून सावध राहा. त्यांच्याशी व्यवहार करून आजवर कोणी फसलेलं नाही.