वकिलात आणि वर्गणी

1957 साली मॅक्सवेल ग्लक हे अमेरिकेचे राजदूत म्हणून सिलोनला निघाले होते. धंदा तयार कपड्यांच्या दुकानांचा. सिनेटच्या समितीत सिनेटर फुलब्राइट यांनी साधा प्रश्न टाकला: तिथले पंतप्रधान कोण? ग्लकसाहेबांना काही केल्या नाव आठवेना. बंडारनायके हे आडनाव पटकन जिभेवर येण्याजोगं नाही, हे कबूल. पक्षाला दिलेली देणगी मात्र त्यांना अंदाजे का होईना, सांगता आली. नेमणूक झालीच!

2014 मध्ये नॉर्वेसाठी निघालेले जॉर्ज त्सुनिस हॉटेलवाले, ओबामांसाठी पैसा उभा करणारे. नॉर्वेला ते कधी गेलेच नव्हते. राजा असलेल्या त्या देशाला त्यांनी ‘राष्ट्राध्यक्ष’ बहाल केला, आणि सरकारात सामील असलेल्या पक्षाची किरकोळात गणना केली. ऑस्लो हुकलं. 2022 मध्ये ते अथेन्सला रुजू झाले. आईवडील मूळचे ग्रीसचे, त्यामुळे घोटाळ्याची शक्यता कमी.

राजदूत नेमताना देणगी हा निकष नसावा, असं 1980 चा अमेरिकी कायदा सांगतो. कायदा तसा समजूतदार आहे, कुणाच्या मध्ये येत नाही.

परराष्ट्र सेवेची परीक्षा देऊन आलेला अधिकारी मात्र व्हिसाच्या खिडकीपासून सुरुवात करून, पंचवीस-तीस वर्षं घासून, वकिलातीत दोन नंबरच्या खुर्चीपर्यंत पोचतो. नवे साहेब विमानातून उतरले की पंतप्रधानांच्या नावाचा उच्चार लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या हाती सरकवायला तोच उभा असतो.