सुरसुरीला तीनशेवीस

अंबडला दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवाची जुनी परंपरा. तेव्हा मत्स्योदरी देवीच्या या गावात कॅसेटी जपणारे कानसेन असायचेच. हल्ली त्यांच्यापुढे धर्मसंकट आहे: कॅसेटींतलं गाणं संगणकात कोंबताना एन्कोडर कुठला? एक पंथ लेमचा, १९९८ पासूनचा, एमपी३ करणारा. दुसरा ओपसचा, २०१२ साली प्रमाणित झालेला हा गडी कमी जागेत भागवतो. उरले फ्लॅकवाले. त्यांचं सोवळं कडक, एक बिटही गळता कामा नये.

आता लेम-ओपससारख्या एन्कोडरचं काम काय, तर मोठ्या आवाजाखाली दबून कानाला न कळणारं उडवायचं. पण कॅसेटची सुरसुर पडली विस्कळीत. तिच्यात घडीच पडत नाही. त्यामुळे बदलता बिटरेट ठेवला की हा पठ्ठ्या किलोबिट उधळतो तिच्यावर. थेट ३२० किलोबिट लावला तर तिसऱ्या रांगेतला खोकलाही अजरामर. (फ्लॅकमध्ये तर खोकला शंभर टक्के शुद्ध!)

१९०२ साली गायिका गौहरजानला तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मिळायची. तेवढ्यात तिनं राग मांडला आणि शेवटी स्वतःचं नाव सांगायलाही वेळ उरवला. खरी एन्कोडर तीच.

कुठली फाईल कुठली ते न सांगता ऐकवू का, असं विचारलं की सगळेच पंथ चहाला उठतात. आणि निवड झालीच, तर ते गाणं वाजतं जालना रस्त्यावर, गाडीत, काचा खाली करून.