वर टॉवर, खाली तीच नळी

2021 साली 23 गावं पुणे महापालिकेत आली. टॉवर आधीच पोचले होते. ड्रेनेज बऱ्याच ठिकाणी अजून वाटेत आहे.

हिशेब सरळ आहे. माणशी रोज 135 लिटर पाणी, त्यातलं 80 टक्के सांडपाणी. चौघांची चारशे कुटुंबं म्हणजे रोज पावणेदोन लाख लिटर. ब्रोशरात योगा डेक आहे, स्काय लाउंज आहे. नळी किती इंची विचारलं, की सेल्सवाला पुन्हा कॉफी विचारतो. उत्तर शेजारच्या जुन्या सोसायटीत, तळमजल्याच्या मोरीच्या जाळीतून वर येतं.

तक्रार केली की जेटिंगची गाडी येते, तुंबलेलं पुढच्या चेंबरात ढकलते, तक्रार निकाली! एफएसआय वाढवायला सही पुरते. नळी वाढवायला रस्ता खणावा लागतो. आणि तो तर नुकताच काँक्रीटचा झालाय.