दोन बोटांचे मामा

सरकारी इस्पितळाच्या न्यूरोसर्जरी ओटीत नव्या रेसिडेंटने पेशंटची मान वळवली आणि ऐटीत 'झालं' म्हटलं, की ओटीतले मदतनीस मामा पुढे होतात. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये स्वतःची दोन बोटं घालून बघतात. एकच बोट गेलं की निकाल लागला.
"डॉक्टर, मानेतली शीर दाबली तर डोक्यातलं रक्त खाली उतरणार कसं? मेंदू फुगणार. मग सर ओरडणार, आणि तेही माझ्यावर!"

मामांची शाळा दहावीच्या अलीकडेच सुटली. तरी कोपराशी कुठली नस दाबली की बोटं बधिर होतात आणि गुडघ्याच्या खाली बाहेरच्या अंगाला कुठली दाबली की पाऊल लुळं पडतं, हे ते झोपेतही सांगतील. कवटी तीन पिनांच्या क्लॅम्पमध्ये आवळायचं काम सरांचं. पण पिना टोचताना ब्लडप्रेशर उसळतं, म्हणून "मॅडम, पिन लागतायत हं!" अशी भूलवाल्या डॉक्टरांना हाळी द्यायचा मान मामांचा. तो त्यांनी परस्पर घेतलेला आहे.

पेशंट पालथा घालायचा असला की मामांना खरा चेव येतो. छातीखाली आणि कमरेखाली उशा सारून ते पोटाखालून हात आरपार फिरवतात. पोट दाबलं तर वर रक्तस्राव वाढतो. मग टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरतात आणि डोळ्यांवर दाब नाही ना, ते बघतात. सर हात धुऊन, ओले हात वर धरून ताटकळत असतात, टेबलाखालून आवाज येतो, "थांबा, पायाची बोटं राहिली." आणि सर थांबतात. हिरवी कापडं एकदा पडली की पुढचे सहा-आठ तास खालचं काही दिसत नाही, हे सरांनाही पक्कं ठाऊक.

इथवर ठीक. पण मामांची ड्यूटी संपतच नाही. एस्टीत शेजारचा छातीवर मान टाकून घोरायला लागला, की मामा त्याची हनुवटी अलगद उचलतात आणि खिडकीच्या दांडीवरच्या कोपराखाली आपला रुमाल सारतात. तो दचकून आधी खिसा चाचपतो.
"पाकीट आहे हो जागेवर," मामा म्हणतात, "नस सांभाळा."

मामींनी मात्र अंथरूण केव्हाच दुसऱ्या खोलीत हलवलंय. रात्री दोन वाजता कुणीतरी आपली टाच उचलून बघतंय, हे बाईमाणसानं किती वर्षं सोसायचं?