सचक्र वानप्रस्थ

न्यूयॉर्क राज्यात, हिमनद्यांनी कोरलेल्या अकरा लांबट सरोवरांच्या 'फिंगर लेक्स' प्रदेशात, मे ते ऑक्टोबर या काळात एक मनुष्यप्रकार हमखास आढळतो. नोकरीतून निवृत्त झालेला आणि पत्नीसह 'आरव्ही'मध्ये, म्हणजे बिछाना, शेगडी, फ्रिज आणि शौचालय बसवलेल्या बसएवढ्या वाहनात, मुक्काम करणारा अमेरिकन गृहस्थ तो हाच. वानप्रस्थात घर सोडावे असे आपल्याकडे सांगितले आहे. याने त्याला चाके लावून ते बरोबर घेतले आहे, त्यामुळे ज्या गळक्या नळांना कंटाळून तो बाहेर पडला, ते नळही आता त्याच्याबरोबर देशाटन करतात.

तळावर पोहोचल्यावर वाहन नेमून दिलेल्या जागेत मागे घ्यायचे असते. पत्नी मागे उभी राहून हातवारे करते, ती आरशात दिसत नाही म्हणून तो ओरडतो, इंजिनामुळे ते तिला ऐकू जात नाही, आणि शेजारचे गृहस्थ घडीच्या खुर्च्या बाहेर काढून हा संसार शांतपणे पाहतात, कारण काल त्यांचाही असाच पाहिला गेलेला असतो. सरकारी उद्यानांत प्रत्येक जागेला मैल्याची जोडणी सहसा नसल्यामुळे वाहनाखालच्या टाक्या 'डंप स्टेशन'वर, म्हणजे सामाईक निचऱ्याच्या ठिकाणी, रिकाम्या कराव्या लागतात. हातमोजे घातलेल्या निवृत्त पुरुषांच्या खऱ्या मैत्र्या तेथील रांगेत जुळतात.

निसर्गाविषयी तो उदासीन नाही. टॉगॅनॉक धबधबा 215 फूट, म्हणजे नायगाऱ्याहून उंच आहे, हे तो अशा अभिमानाने सांगतो की तो त्यानेच बांधला असावा. वॉटकिन्स ग्लेनच्या घळीत 19 धबधबे आहेत हेही त्याला पाठ असते, मात्र तेथे 832 पायऱ्या आहेत हे गुडघ्यांना आधी कळते.

वाइनबाबत त्याचे ज्ञान पुस्तकी, पण पक्के असते. खोल सरोवरे उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतात म्हणून काठावरचे वेल हिवाळ्यात तगतात. युक्रेनमधून आलेल्या कॉन्स्टंटिन फ्रँक यांनी कणखर मुळांवर कलम करून युरोपीय द्राक्षे येथे रुजवली. 1976च्या कायद्याने लहान बागायतदारांना स्वतःची वाइन थेट ग्राहकांना विकणे सोपे झाले. हे सगळे सांगून झाल्यावर तो वाइनरीला गुण देतो ते मात्र वाहनतळाच्या रुंदीवरून. 'हार्वेस्ट होस्ट्स' या सभासद योजनेत अशा बागांच्या आवारात एक रात्र विनाभाडे राहता येते आणि बदल्यात काही खरेदी करण्याचा संकेत असतो. भाडे वाचल्याच्या आनंदात तो भाड्याहून महाग अशा सहा बाटल्या घेतो, आणि वजन वाढले म्हणून पत्नीची पुस्तके कमी करतो.

गावांशी त्याचा संबंध बेताचा, कारण गावात कमी उंचीचे पूल असतात. सेनेका फॉल्स येथे 1848 साली स्त्रियांच्या हक्कांची ऐतिहासिक परिषद भरली होती. तेथून परतताना स्टिअरिंग पत्नीच्या हाती असते, परंतु याचे श्रेय त्या परिषदेपेक्षा वाटेत चाखलेल्या रीस्लिंग वाइनकडे अधिक जाते.

ऑक्टोबरच्या मध्यानंतर पाणी गोठण्याच्या भीतीने येथील बरेच तळ बंद होतात आणि हा गृहस्थ फ्लोरिडाकडे सरकतो. ज्यांना त्याला भेटायचे असेल त्यांनी सप्टेंबरात जावे, आणि वेळ हाती असल्याशिवाय टाक्यांचा विषय काढू नये.