आंबेनळी फुकट, चाक महाग

पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणचा पोरगा मुंबईला गेला तरी घाट सोडत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत, गाड्यांच्या व्हिडिओ गेमवर, तो स्वतःचा घाट उभारतो. त्यासाठी लागतं ‘परवडणारं’ स्टिअरिंग. परवडणारं म्हणजे, ज्या पैशांत गावाकडे जुनी मोटारसायकल येते तेवढ्यात येणारं. मोटारसायकल निदान पोलादपूरपर्यंत तरी नेते.

घ्यायचंच असेल तर अगदी स्वस्तातलं नको. ते नुसतं थरथरतं. गाडी घसरतेय की खिशातला फोन वाजतोय, कळायला मार्ग नाही. आत मोटर असलेलं, हाताला उलटा जोर देणारं, म्हणजे फोर्स फीडबॅकवालं बघा. लॉजिटेकचं जी२९ दातेरी चक्रांवर चालतं, ९०० अंश फिरतं, क्लचसकट तीन पेडल देतं. गिअरचा दांडा मात्र वेगळा विकत घ्यायचा! मग टेबल हलतं म्हणून स्टँड. ब्रेक दाबला की पेडल फरशीवरून सरकत थेट पलंगाखाली, म्हणून खाली रबरी मॅट. घरी सांगताना अर्थात फक्त चाकाचीच किंमत सांगायची असते.

एवढं झालं की जर्मनीतला २०.८ किलोमीटरचा नॉर्डश्लायफ ट्रॅक वळणावळणासकट पाठ होतो. आंबेनळी घाटातून पोलादपूर ते महाबळेश्वर अंतर त्याच्या जवळपास दुप्पट, आणि तिथे ‘पुन्हा सुरू करा’चं बटण नाही.

शिमग्याला हा पठ्ठ्या गावी येतो तो एसटीने. खिडकीची जागा धरून, उलटीची गोळी घेऊन.